कोळीचं पहिलं पान

बातमी आली तेव्हा मी ड्युटीवर होते. जव्हारहून सकाळी सूर्यमाळच्या बाजूला जाणारी आणि दुपारी परतणारी एसटी, कंडक्टर मी आणि ड्रायव्हर पवारकाका. जाताना आमच्या पाड्याच्या फाट्यावर कोणी नव्हतं. येताना लहानू भावजी, म्हणजे माझ्या बहिणीचे यजमान, रस्त्याच्या कडेला उभे होते. डोक्यावरचा रुमाल काढून हातात धरलेला. मला वाटलं, मोखाड्याला औषध आणायला निघाले असतील. मी सिंगल बेल दिली, गाडी थांबली. भावजी चढले नाहीत. ते पुढे ड्रायव्हरच्या खिडकीपाशी गेले, खालूनच काहीतरी बोलले, आणि पवारकाकांनी इंजिन बंद केलं. वाटेतल्या थांब्यावर कुठलाही ड्रायव्हर इंजिन बंद करत नाही. माणसं चढतात, उतरतात, आम्ही डबल बेल देतो, गाडी निघते. इंजिनाचा आवाज थांबला आणि मला सगळं कळलं. भावजी दाराशी येऊन "बाय गेली" म्हणाले, ते नंतर.

काका म्हणाले, तू उतर, खोडाळ्यापर्यंत मी बघतो. पण गाडी भरलेली होती, गळ्यात तिकिटाचं मशीन, काखेत कॅश बॅग... कंडक्टर गाडी अशी वाटेत टाकून जात नाही. आणि गेले असते तर बाय आधी रागावली असती. तिला माझ्या खाकी कपड्यांचा माझ्यापेक्षा जास्त अभिमान. मी डबल बेल दिली. खोडाळ्यापर्यंत तिकिटं काढली, सुटे पैसे परत केले, एका म्हातारीचं गाठोडं वर ठेवून दिलं. त्या म्हातारीनं तिकीट घेताना माझं मनगट धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही. खोडाळ्याला कंट्रोलरकडे बॅग दिली आणि कोणाच्या तरी मोटरसायकलवर मागे बसून मी पाड्यावर परत गेले. रडू तिथे पोचल्यावर आलं, तेही चुलीशेजारी तिचा विळा दिसल्यावर.

बाय म्हणजे माझी थोरली बहीण. नाव जानकी, पण त्या नावानं तिला कोणी हाक मारल्याचं मला आठवत नाही. लहान होते तेव्हा मी बाय म्हणायचे, मग सगळा पाडा म्हणायला लागला. या मार्गावर माझी ड्युटी लागल्यापासून फाटा आणि बाय माझ्यासाठी एकच होऊन गेले होते. बाजाराच्या दिवशी ती तिथे उभी असायची, डोक्यावर पाटी, पाटीत हंगामाला असेल ते, करवंदं, मोहाची फुलं, कसली तरी पानं. गाडी खच्चून भरलेली असायची. मी दारातूनच ओरडायचे, "चल बाय, जागा आहे." जागा कधीच नसायची. हे तिलाही ठाऊक, मलाही ठाऊक आणि गाडीतल्या लोकांनाही ठाऊक. पण ती माझ्यावर विश्वास ठेवल्यासारखं करून चढायची आणि इंजिनाच्या बॉनेटवर काकांशेजारी टेकायची. तिकीट मात्र हटकून काढायची. एकदा मी म्हटलं, राहू दे गं, तर साऱ्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बहिणीची गाडी हाय म्हणून फुकट बसूं? उद्या तुना साहेब मना उतरवल." माझी मान खाली आणि गाडीत हशा.

आता कोळीबद्दल सांगायला हवं, कारण त्याशिवाय बाय सांगता येणार नाही. कोळी ही आमच्याकडची रानभाजी. शहरातल्या बाजारात तिच्या जुड्या फोडशी म्हणून मिळतात, आणि औषधवाले तिच्या मुळ्यांना पांढरी मुसळी म्हणतात. पाड्याच्या वर काळ्या खडकाचा उतार आहे. तिथे माती म्हणायला चिमूटभर, तीही भेगांमधून. दिवाळीनंतर त्या खडकावर बघाल तर काही म्हणजे काही नसतं. उन्हाळ्यात पाय टेकवत नाही. आणि तरी ज्येष्ठ लागला की त्याच भेगांतून कोळीची हिरवी पाती बाहेर पडतात, दरवर्षी, त्याच जागी. मुळी आत जिवंत असते. आषाढात त्या पात्यांच्या मधून दांडा येतो आणि दांड्यावर पांढरी फुलं, सहा पाकळ्यांची, आत पिवळे ठिपके. सकाळी सगळा उतार पांढरा दिसतो, कोणीतरी टोपभर भात खडकावर सांडावा तसा. आम्हाला लहानपणी ते फूल बघून खरोखरच भूक लागायची. फुलं आली की भाजी बंद. मग पात्याला हात लावायचा नाही. भाजी कापायची ती कोवळी असताना, जमिनीपासून बोटभर सोडून, विळ्यानं. उपटायची नाही. हे आईनं बायला शिकवलं आणि बायनं मला, माझ्या पाठीत एक धपाटा घालून.

आणि सगळ्यांत मोठी गोष्ट अशी, की कोळी उगवली म्हणून लगेच खायची नाही. भगत दिवस ठरवतो. त्या दिवशी प्रत्येक घरात कोळी शिजते आणि पहिली वाढली जाते ती घरातल्या गेलेल्या माणसांना. पळसाच्या पानावर थोडी थोडी भाजी, नागलीच्या भाकरीचा तुकडा, आणि मग घरातल्या लेकीनं दारात उभं राहायचं, डोंगराकडे तोंड करून एकेकाला नावानं हाक मारायची, ये, कोळी खाऊन जा. सून नाही, मुलगा नाही, लेकच. का, ते मला कोणी सांगितलं नाही. त्यांचं झालं की मग जिवंत माणसांनी खायचं. त्याआधी घास घेतला तर तो मेलेल्यांच्या तोंडातून काढून घेतल्यासारखा. आमच्या पाड्यावर पोटात आग पडलेली माणसं मी पाहिली आहेत, उन्हाळा काढून वीटभट्टीवरून परतलेली, घरात दाणा नसलेली, पण दिवस ठरेपर्यंत समोर उगवलेल्या कोळीला हात न लावणारी.

आम्हाला जमीन नव्हती. पावसाळ्यात दुसऱ्यांच्या भातात राबायचं आणि दिवाळी झाली की भिवंडीच्या बाजूला भट्टीवर. पाडा रिकामा व्हायचा. आमचा धाकटा भाऊ बारक्या गेला तो वावरकडची पोरं कुपोषणानं जात होती त्याच वाईट काळात. मला त्याचे फक्त हात आठवतात, फार बारीक. पुढच्याच उन्हाळ्यात आई गेली, भट्टीवर, तापानं. बाय तेव्हा चौदा-पंधराची असेल, मी सहा-सात वर्षांची. आम्ही पाड्यावर परतलो, कोळीचा दिवस आला, आणि हाक मारायला घरात जाणती लेक बायच होती. तिनं पहिलं पान आईचं मांडलं. मी विचारलं, बारक्या लहान आहे, आधी त्याला का नाही? तेव्हा तिनं मला जे सांगितलं ते मी आयुष्यात विसरणार नाही. म्हणाली, जो नवा गेलेला असतो त्याला आधी द्यायचं. त्याची तिकडं अजून कोणाशी ओळख नसते, तो लाजतो, मागून घेत नाही, उपाशी राहतो. बारक्या आता तिकडं रुळला. हे सांगताना तिचा आवाज इतका साधा होता, जणू शेजारच्या पाड्यावर नव्यानं नांदायला गेलेल्या मुलीबद्दल बोलतेय. मग दारात जाऊन तिनं आईला हाक मारली. चौदा वर्षांची पोर, आणि हाक अशी मारली की वरच्या खडकावर चरणाऱ्या शेळ्यांनी माना वर केल्या.

त्यानंतर घर तिनं चालवलं. वडील होते, पण आई गेल्यापासून नसल्यातच जमा; पुढे काही वर्षांनी तेही गेले. बायनं मला आश्रमशाळेत घातलं. भट्टीवर न्यायची नाही, हा तिचा हट्ट. शाळेत पोटभर मिळायचं, त्या बाबतीत माझी तक्रार नाही. पण जून-जुलैत तिथल्या जेवणात कधी रानभाजी असली तर काय करायचं, हा बायला पडलेला प्रश्न. तिनं मला बजावून ठेवलं होतं, मी आणीन तेव्हाच खायची. आणि ती आणायची. आमच्या घरातला दिवस झाला, पानं मांडून झाली, हाका मारून झाल्या की पळसाच्या पानात भाजी-भाकरी बांधून ती चालत शाळेवर यायची. व्हरांड्यात बसायची. मी खाताना बघत राहायची. तू खाल्लीस का, असं विचारलं की म्हणायची, खाल्ली. तेव्हा मला खरं वाटायचं. मोठी झाल्यावर एकदा लहानू भावजींकडून कळलं, की ती शाळेवरून परत जाऊन संध्याकाळी टोपाच्या तळाशी राहिलेलं खायची. मेलेल्यांच्या मागून, वडिलांच्या मागून, माझ्याही मागून. आमच्या घरात शेवटचा घास नेहमी तिचा.

लहानू भावजी आमच्याकडेच येऊन राहिले, घरजावई म्हणून. बायनं लग्नाला अटच ती घातली होती. मूल झालं नाही. मोठा शांत माणूस. बायला राग आला की ते अंगणात जाऊन लाकडं फोडायचे, आणि आमच्या अंगणात फोडलेल्या लाकडांचा कायम ढीग असायचा. एका वर्षी एक व्यापारी जीप घेऊन मुसळीच्या मुळ्या विकत घ्यायला आला. सगळा पाडा कुदळी घेऊन खडकावर. भावजीही गेले आणि गोणीभर मुळ्या घेऊन आले, पांढऱ्या, बोटांसारख्या. त्यांना वाटलं, बाय खूश होईल. बायनं गोणीत पाहिलं आणि ती गोणी पुन्हा त्यांच्या डोक्यावर ठेवली. मी तेव्हा सुट्टीला आले होते. पुढे भावजी, मागे बाय, असे ते दोघं खडक चढले, आणि अंधार पडेपर्यंत भावजी एकेक मुळी भेगेत परत खोचत होते. बाय वर उभी राहून सांगत होती, तिकडं नांय, तिथं माती नांय. मी खाली बसून इतकी हसले की मला ठसका लागला. बायला मात्र हसू आलं नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "मुळी नेली तर आईला काय वाढूं?"

त्या मुळ्यांपैकी बऱ्याच जगल्या. मूठभर भावजींच्या हातून तुटल्या होत्या, त्या मी मागून घेतल्या आणि जव्हारला माझ्या खोलीच्या गॅलरीत, तेलाच्या रिकाम्या डब्यात लावल्या. बायनं डबा पाहून नाक मुरडलं. डब्यात डोंगर मावतो काय, म्हणाली. पण ज्येष्ठात डब्यातही पाती आली आणि आषाढात एक दांडा, चार फुलं. तेव्हापासून जव्हारला आली की आधी गॅलरीत जायची, माझी विचारपूस नंतर.

यंदा चैत्रात तिच्या पोटात गाठ निघाली. नाशिकला दाखवलं. डॉक्टर भला माणूस होता, खुर्ची ओढून माझ्याजवळ बसला, आणि तो बसला म्हणूनच मी घाबरले. म्हणाला, घरी न्या, मन मागेल ते खायला द्या. मी तिला माझ्याकडे जव्हारला आणलं. पण तिचं मन काही मागेचना. भात नको, पेज नको. माशाचं कालवण केलं, वास घेऊन बाजूला सारलं. रोज कामावर जाताना काहीतरी करून ठेवायचे आणि परत येऊन तसंच्या तसं उचलायचे. आणि एक दिवस, वैशाखातल्या भर उन्हात, भिंतीला टेकून बसली असताना ती म्हणाली, मना कोळी खावीशी वाटते.

वैशाखात कोळी! डोंगर करपलेले. सूर्यमाळच्या बाया हंडाभर पाण्यासाठी दरीत उतरतात असे दिवस. पण माझ्या गॅलरीत डबा होता. वरून नुसती सुकलेली माती, पण आत मुळ्या होत्या. मी दुसऱ्या दिवसापासून त्याला पाणी घालायला लागले, सकाळी आणि रात्री, वर ओलं फडकं टाकून सावली केली. बायनं ते पाहिलं आणि चिडली. पाड्यावर माणसांना पाणी नांय न तू मातीला पाजतेस, म्हणाली. मी ऐकलं नाही. ती दिवसेंदिवस वाळत होती आणि मी त्या डब्याशी मनातल्या मनात भांडत होते, लवकर ये, लवकर ये. ड्युटीवरून आल्यावर चपला न काढता आधी गॅलरीत. आणि एके सकाळी मातीत हिरवं टोक दिसलं. मी आजवर देवासमोर इतकी रडले नाही, जेवढी त्या डब्यासमोर रडले.

पाती बोटभर लांब झाली तशी मी कापली. बोटभर सोडून, विळ्यानं. कांदा, मिरची, मीठ, मूठभरसुद्धा झाली नाही भाजी. नागलीची भाकरी केली. ताटली तिच्यापुढे ठेवली. वास गेला तसे तिचे डोळे उघडले. तिनं हातसुद्धा पुढे केला... आणि तिथेच थांबवला. विचारलं, दिवस कवा झाला?

मी खोटं बोलायचं आधीच ठरवून ठेवलं होतं. म्हटलं, काल झाला. यंदा भगतानं लवकर धरला. मी दिवसभर गाडीच्या दारात उभी राहून लोकांना कारणं सांगणारी बाई, मला खोटं बोलता येतं. ती माझ्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "न हाक कोणी मारली?"

आमच्या घरात लेकी दोनच. एक ताटलीपुढे बसलेली आणि एक ताटली घेऊन आलेली.

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं ताटली हातानं माझ्याकडे सरकवली, अगदी हळू, सांडू नये म्हणून. म्हणाली, "आईला नांय, बारक्याला नांय, न मी कशी आधी खाऊं? तू पण खाऊं नको." मी म्हटलं, बाय, त्यांना काय कळतंय, तू खा. एक घास खा. माझ्यासाठी खा. ती हसली. आजारपणात तिचे दात मोठे दिसायला लागले होते. म्हणाली, "रडतेस कशाला? यंदा पहिलं पान मनाच मिळल. तूच वाढशील. तुना आवाज मोठा हाय, मना लांबून पण ऐकूं येल."

मी उठून गॅलरीत गेले. मला त्या क्षणी तिचा भयंकर राग आला होता, तिचा, आईचा, भगताचा, सगळ्या मेलेल्यांचा. बाहेर रस्त्यावर गाड्या जात होत्या आणि मी हातात ती ताटली घेऊन उभी. मला नोकरी आहे, जव्हारात दोन खोल्या आहेत, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही असं मी डेपोत सगळ्यांना सांगत असते. म्हटलं, तू नाही खात तर मी खाते. घास केला. तोंडापर्यंत नेला. नाही गेला आत. शेवटी ती भाजी मी त्याच डब्यातल्या मातीत पुरली.

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, मना घरी ने. मी माझ्याच गाडीनं तिला नेली. दाराजवळच्या सीटवर दोन पोरं बसली होती, ती न सांगता उठली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी जागा आहे म्हणाले आणि ती खरी होती. बायनं पदराच्या गाठीतून नोट काढली. तिकीट काढ, म्हणाली. मी काढलं. ते तिनं पुन्हा त्याच गाठीत बांधलं. फाट्यावर भावजी आणि पाड्यावरचे तिघं जण घोंगडीची झोळी करून आले होते. झोळीत बसताना तिनं मागे वळून पवारकाकांना हात केला, जा, उशीर होतो म्हणून. मी डबल बेल दिली. आमची तीच शेवटची भेट. आठवडाभरानं भावजी रुमाल हातात घेऊन फाट्यावर उभे राहिले.

कोळीचा दिवस ज्येष्ठाच्या शेवटी आला. मी रजा टाकून पाड्यावर गेले. भावजींनी खडकावरून कोळी कापून आणली होती, मी निवडली, शिजवली. चुलीशेजारी बायचा विळा होता, त्याला मी हात लावला नाही. चार पळसाची पानं मांडली. बाय, आई, बाबा, बारक्या. पहिलं पान नव्याचं. शेजारपाजारच्या घरांतून हाका ऐकू येत होत्या, कोणाची सासू, कोणाचा भाऊ, सगळा डोंगर नावांनी भरलेला. मी दारात उभी राहिले. मला म्हणायचं होतं, जानकी, ये, कोळी खाऊन जा. एवढंच. आणि आवाज फुटेना. दिवसभर गावांची नावं ओरडून घसा बसत नाही असा माझा लौकिक, आणि माझ्या तोंडून एक नाव बाहेर येईना. कारण ते म्हटलं की ती त्या चौघांतली झाली असती. न म्हणावं तर ती उपाशी. मागे भावजी तांब्या घेऊन उभे. शेजारच्या घरांतल्या हाका एकेक करून थांबत गेल्या. भाजी निवत होती. मला एवढंच दिसत होतं, की ती तिकडे कुठेतरी कोपऱ्यात बसली असेल, लाजत, कोणाकडे न मागता, सगळ्यांचं होऊ दे म्हणत... आणि मग माझ्या तोंडून आलं ते नाव नव्हतंच. मी ओरडले,

"चल बाय, जागा आहे."

आवाज खडकापर्यंत गेला आणि परत आला. असं कोणी म्हणत नाही. हाकेचे शब्द ठरलेले असतात. शेजारच्या अंगणातला म्हातारा भगत माझ्याकडे बघत होता. मला वाटलं, आता म्हणेल, चुकली, पुन्हा मार. त्यानं मान डोलावली. भावजींनी पहिल्या पानाशेजारी पाणी ठेवलं. बाकीची तीन नावं मी नीट घेतली, जशी घ्यायची तशी. आयुष्यभर टोपाच्या तळाचं खाल्लेली माझी बहीण त्या दिवशी आमच्या घरात सगळ्यांच्या आधी जेवली. आम्ही नंतर. भाजी चांगली झाली होती.

डब्यातल्या मुळ्या मी जाताना घेऊन गेले होते. त्यांना वैशाखात उगाच जागं केलं होतं, डब्यात तग धरतील असं वाटेना. भावजींनी त्या संध्याकाळी खडकावर नेऊन भेगांत खोचल्या. मीही वर गेले होते. ते एकेक मुळी बोटानं आत दाबायचे, आणि दर वेळी थांबून वर बघायचे. तिकडं नांय, असं सांगणारं कोणी नव्हतं. अंदाजानंच खोचल्या त्यांनी.

आता आषाढ चाललाय. मी त्याच गाडीवर आहे. परवा परतताना फाटा आला. उतरणारं कोणी नव्हतं, रस्त्यावरही कोणी नव्हतं, मी बेल दिली नव्हती. तरी पवारकाकांनी गाडी उभी केली. इतक्या वर्षांची सवय, त्यांचा पाय आपोआप पडला असेल. त्यांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी दार उघडलं. पाड्यावरचा खडक धुक्यातून अर्धा दिसत होता, आणि जेवढा दिसत होता तेवढा पांढरा. कोळी फुलली होती. दाराजवळची सीट योगायोगानं रिकामी होती. मागून एकानं विचारलं, काय झालं, का थांबली गाडी?

"माणूस येतंय," मी म्हटलं.

मी थोडा वेळ दार तसंच उघडं धरून उभी राहिले. मग लावून घेतलं आणि डबल बेल दिली.